आवाज बंद करून निवडलेला टीव्ही

शामला सोमकुवरचा आवाज अर्ध्या नागपूरच्या ओळखीचा होता, आणि चेहरा जवळजवळ कुणाच्याच नाही. एकोणसत्तर साली ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. इंदोऱ्याच्या त्यांच्या गल्लीतून सरकारी नोकरीला जाणारी ती पहिली मुलगी. तेव्हापासून सकाळी सात ते दुपारी दोन कानाला हेडफोन लावून ती ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडत असे. मुंबईचा कापूसवाला, काटोलचा संत्र्याचा व्यापारी, दिल्लीला गेलेला जावई, सगळे तिच्या "नागपूर ट्रंक, बोला" या तीन शब्दांतून पुढे जायचे. तीन मिनिटं झाली की ती मध्ये येऊन सांगायची, "वेळ झाली, वाढवायचं का?" आणि तेही इतक्या मऊपणे सांगायची की मोठमोठे शेठ "हो बेटा, वाढव" म्हणायचे.

हा आवाज एका माणसाला मात्र ऐकू येत नव्हता. तिच्या बापाला.

दादाजी सोमकुवर तीस वर्षं कापड मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. छप्पन साली दीक्षाभूमीच्या मैदानावर ते लाखोंच्या गर्दीत पार मागे उभे होते, तरी भोंग्यातून आलेला बाबासाहेबांचा शब्द न् शब्द त्यांना ऐकू आला होता. हे ते अभिमानाने सांगत. पण शेकडो साच्यांच्या खडखडाटात रोज आठ तास उभं राहिलेल्या माणसाचे कान किती टिकणार? शामला मॅट्रिकला होती तेव्हा त्यांना घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी झाली, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. रिटायर होईपर्यंत कान पुरते बसले.

पण मिलनं जे घेतलं त्याच्या बदल्यात एक गोष्ट दिलीही होती. साच्यांच्या खात्यात कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे तिथली माणसं ओठांवर बोलतात. दादाजी आणि त्यांचे पलीकडच्या ओळीतल्या साच्यावरचे मित्र नत्थूजी चाळीस फुटांवरून एकमेकांना घरची भाजी काय आहे ते सांगायचे. संपाच्या दिवसांत तर दादाजींनी कमालच केली होती. मॅनेजरच्या काचेच्या खोलीबाहेर साळसूदपणे झाडू मारत उभं राहून आतली सगळी चर्चा त्यांनी ओठांवरून वाचली आणि संध्याकाळी युनियनला सांगितली.

रिटायर झाल्यावर मात्र ते गप्प होत गेले. चार जण बोलायला बसले की कोण कधी तोंड वळवील याचा नेम नसतो. अर्धं बोलणं पाठमोरं होतं. दादाजी थोडा वेळ मान हलवत बसायचे आणि मग उठून अंगणातल्या तुळशीएवढ्या मिरचीच्या रोपांना पाणी घालत राहायचे. घरी एक रेडिओ होता, तो त्यांच्या दृष्टीने लाकडाचा खोकाच.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात समोरच्या यमुताईंकडे टीव्ही आला. यमुताई शाळेत शिपाई होत्या, मनानं दिलदार. रविवारी सगळ्या गल्लीला बोलावलं. दादाजी भीतभीतच गेले आणि दारापाशी बसले. दोन तासांनी परत आले ते बोलतच. सिनेमातल्या सासूने सुनेला काय म्हटलं, सून उलट काय बोलली, वकिलाने कोर्टात काय थाप मारली, सगळं त्यांनी जेवताजेवता सांगितलं. जिजाबाई, म्हणजे शामलाची आई, भाकरी थापता थापता थांबली. शामलाने मनाशी मोजलं, बाबा सलग एवढं बोलल्याला सहाएक वर्षं तरी झाली असतील.

"पण तिचा टीव्ही बेकार आहे," दादाजी म्हणाले. "समोर तो निळापिवळा प्लास्टिकचा कागद लावला ना रंगीत दिसाले, त्यानं ओठ पुसून जातात. आणि एका माणसाचे दोन माणसं दिसतात. कोणाच्या ओठाकडे पाहावं?"

शामलाने त्याच दिवशी ठरवलं. टीव्ही घ्यायचा, आणि असा घ्यायचा की त्यातल्या माणसाचे ओठ स्पष्ट दिसले पाहिजेत.

"मले नाही पाहिजे तुमचा टीव्ही," जिजाबाई म्हणाली. "पण तुह्या बाबाले पाहिजे तर घे वं. माणूस घरात असून नसल्यासारखा झाला आहे."

दसऱ्याची दीक्षाभूमीची गर्दी ओसरली, बाहेरगावचे पाहुणे परत गेले, आणि दिवाळीच्या आधी बर्डीवर दुकानं सजली. सीताबर्डीला नागपूरचा माणूस बर्डीच म्हणतो. शामलाची सकाळची ड्यूटी असल्यामुळे संध्याकाळ मोकळी होती, आणि टीव्हीवर कार्यक्रमही संध्याकाळीच सुरू होत. एका सोमवारी तिने बापाला इस्त्रीचा सदरा घालायला लावला आणि दोघं सिटी बसने बर्डीवर उतरले.

पहिलं दुकान गोपाळरावांचं. मोठं, काचेचं, रेडिओच्या जमान्यापासून नाव असलेलं. गोपाळराव स्वतः पुढे आले. त्यांनी लाकडी शटरचा एक सेट दाखवला, कपाटासारखा, सरकवायचं दार, खाली चार पाय.

"आवाज ऐका ताई," ते म्हणाले आणि त्यांनी आवाज एवढा वाढवला की काउंटरवरच्या बॅटऱ्या थरथरल्या.

"आवाज बंद करा," शामला म्हणाली.

"बंद?"

"पूर्ण बंद. बाबांना बघू द्या."

गोपाळरावांनी गोंधळून बटण फिरवलं. पडद्यावर एक निवेदिका संध्याकाळचे कार्यक्रम सांगत होती. दादाजी सहा पावलं मागे गेले, डोळे बारीक केले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"भल्ला चांगला आहे हा," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "हिचे दातसुद्धा दिसून राहिले. साडेसातले चित्रगीतं आहे म्हणते."

शामलाने किंमत विचारली. गोपाळरावांनी सांगितली, आणि वर म्हणाले, "आजच घ्या ताई. दिवाळीनंतर हाच सेट दोनशेने वाढणार. कंपनीचं पत्र आलंय."

शामलाने एकदम गोपाळरावांकडे वळून पाहिलं. इतका वेळ तिला वाटत होतं, हा आवाज आपण कुठेतरी ऐकला आहे. "पत्र आलंय" म्हणताना शेवटचा शब्द नाकातून काढायची ती लकब! गेल्याच आठवड्यात दिल्लीचा अर्जंट कॉल. लाईन नीट जुळली का ते बघायला ती मध्ये डोकावली तेव्हा हाच आवाज म्हणत होता, "दिवाळीनंतर नवं मॉडेल येतंय, याचा भाव पडणार, मग हा माल मी कुणाच्या गळ्यात मारू? मला आत्ताच कमी करून द्या." तिकडून दिल्लीवाल्याने कमी केलेला आकडाही तिच्या कानावर पडला होता.

नोकरीला लागली तेव्हा शोभाताई नावाच्या सुपरवायझर बाईंनी तिला पहिल्या दिवशी कागदावर सही करायला लावली होती. "तारेतलं तारेत," त्या म्हणाल्या होत्या. "घरी नवऱ्याला नाही, आईला नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला लॉटरी लागली, सगळं कानातून आत आणि हेडफोनबरोबर बाहेर." चौदा वर्षांत शामलाने हे एकदाही मोडलं नव्हतं. आता ती अडकली. घासाघीस करायची म्हटली तरी करणार कशी? खरा आकडा डोक्यात बसलेला. जो भाव मागेल तो चोरीचाच होणार.

"सध्या राहू द्या," ती म्हणाली. "मी थोडं इतर ठिकाणी बघते."

गोपाळरावांचा हात बटणावरच राहिला.  "ताई, तुमचा आवाज... तुम्ही ट्रंकवाल्या ना? नागपूर ट्रंक, बोला?"

"हो," शामला म्हणाली. नाही म्हणणं तिला जमलं नाही.

गोपाळरावांच्या कपाळावर घाम दिसू लागला. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "तसं पाहिलं तर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "दोनशे रुपये कमी करता येतील."

"नको हो, मी काही म्हटलं नाही."

"तीनशे. आणि स्टॅबिलायझर आपल्याकडून."

"गोपाळराव, खरंच मी काही ऐकलेलं नाही."

"अँटेनासुद्धा देतो, ताई! माणूस पाठवून गच्चीवर लावून देतो!"

शामला जितकं नाही म्हणे तितके गोपाळराव खाली येत. शेवटी ते त्या दिल्लीच्या आकड्याच्या इतके जवळ पोचले की तिलाच घाबरायला झालं. तिने बापाचा दंड धरला आणि ती सरळ दुकानाबाहेर पडली.

फुटपाथवर दादाजी थांबले. "काहून सोडला वं? माणूस पायरी पायरीनं खाली येऊन राहिला होता. मी सगळं पाहिलं."

शामलाने त्यांच्यासमोर उभं राहून, ओठ नीट हलवत, सांगितलं. काय ऐकलं ते नाही सांगितलं. एवढंच की या माणसाचं बोलणं माझ्या कानावर पडलं आहे, त्या जोरावर मी सेट घेतला तर तो मी त्याचं बोलणं विकून घेतल्यासारखा होईल.

दादाजी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर केलं." दोन पावलं चालल्यावर परत थांबले. "तो म्हणत होता तुहा आवाज ओळखीचा आहे म्हणून. लोक मले पण सांगतात, तुमच्या पोरीचा आवाज गोड आहे. कसा आहे वं तुहा आवाज?"

भर बर्डीवर, सायकली आणि रिक्षांच्या गर्दीत, शामला पुन्हा त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. "मॅट्रिकला होता तसाच," ती म्हणाली.

"मग चांगलाच असन," दादाजी म्हणाले. "तेव्हा तू पाठ म्हणायची, मी झोपेतून उठून ऐकत होतो."

त्या दिवशी ते तसेच परत आले. जिजाबाईने रिकामे हात बघितले आणि काही न विचारता चहा ठेवला.

बुधवारी दोघं पुन्हा निघाले. या खेपेला मोठा रस्ता सोडून आतल्या गल्लीत, दोन भाऊ चालवत असलेल्या एका लहान दुकानात गेले. थोरला मार्तंड गिऱ्हाइकाशी बोलायचा, धाकटा श्रीधर मागे काउंटरवर बसायचा. शामलाने आत शिरताच दोघांशी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. नाही, हे आवाज तारेवर कधी भेटले नव्हते. तिच्या छातीवरचा दगड उतरला.

दुकानात सहा सेट एका ओळीत चालू होते. सगळ्यांवर शेतीचा कार्यक्रम. चष्मा लावलेले एक गृहस्थ बागेत उभं राहून काही सांगत होते. दुकानात नेहमीसारखीच फुकट बघणाऱ्यांची गर्दी होती.

"सगळ्यांचा आवाज बंद करा," शामला म्हणाली.

मार्तंडने असं गिऱ्हाईक कधी बघितलं नव्हतं. तरी त्याने एकेक करून सगळे बंद केले. गर्दीतून कुणीतरी कुरकुरलं. दादाजी पहिल्या सेटसमोर उभे राहिले.

"हा नाही. याच्या ओठाले केस फुटून राहिले."

दुसऱ्यासमोर. "हा लहान आहे. सहा फुटांवरून मुंगी बोलल्यासारखी दिसते."

तिसऱ्याचं चित्र हळूहळू वर सरकायचं, माणसाचं डोकं खाली आणि पाय वर. चौथ्याला ते बघून पुढे गेले. पाचव्यासमोर मात्र थांबले. साधा सेट होता, शटर नाही, लाकडी दिमाख नाही. कंपनीचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. दादाजी मागे गेले, आणखी मागे गेले, पार दाराच्या चौकटीला पाठ लागेपर्यंत. आणि तिथून मोठ्याने बोलू लागले.

"संत्र्याची झाडं... ज्या शेतकऱ्याले आंबिया पहार धरायचा आहे... त्यानं डिसेंबरात पाणी तोडावं... झाडाले ताण बसला पाहिजे... पान थोडं पिवळं झालं तर घाबरू नये..."

दुकानातली माणसं टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघू लागली. गर्दीत धोतर नेसलेला एक शेतकरी उभा होता, नरखेडकडचा, विहिरीवरच्या पंपासाठी वायर घ्यायला आलेला. तो पुढे सरकला.

"पहार नाही बाप्पा, बहार! आंबिया बहार, झाडाचा फुलोरा! पहार धरून कोणाले मारता?"

सगळे हसले. दादाजींनी त्या शेतकऱ्याचे ओठ बघितले आणि तेही हसले. "ओठावर ते दोन्ही सारखेच दिसतात गा. मी मिलचा माणूस, मले काय ठाऊक झाडावर काय धरतात ते. बाकी बरोबर आहे का?"

"बाकी एकदम बरोबर! मी दरसाल हेच करतो."

मार्तंडचा विश्वास बसेना. त्याने श्रीधरला मागच्या खोलीतल्या सातव्या सेटचा आवाज लावायला पाठवलं. श्रीधर आत कान देऊन ऐकायचा आणि दारात येऊन सांगायचा. "खत म्हणाले!" तोवर इकडे दादाजींचं खतावरचं वाक्य पुरं झालेलं असायचं. "खोडाला चुना म्हणाले!" दादाजींनी चुना आधीच लावून टाकलेला. रस्त्यावरची माणसं आत शिरली, काही पायरीवर चढली. एक बाई हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवू लागली. शामला बाजूला उभी राहून बापाकडे बघत होती. इस्त्रीच्या सदऱ्यात, ताठ मानेने, तीस माणसांसमोर ते बोलत होते आणि तीस माणसं त्यांचं ऐकत होती.

"हाच," दादाजी शेवटी म्हणाले.

"हा तीन हजाराला आहे काका," मार्तंड म्हणाला. मग तो काउंटरकडे गेला आणि भावाशी हळू बोलला. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, इतकं हळू की शेजारी उभ्या माणसालाही कळू नये. श्रीधरने मान हलवून काही उत्तर दिलं.

"सव्वीसशे!" दादाजी आनंदाने ओरडले. "सव्वीसशेपर्यंत सोड म्हणते तो! म्हातारा खूश आहे, घेऊनच जाईन म्हणते!"

दुकानात असा हशा पिकला की समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून बघू लागली. नरखेडचा शेतकरी तर पोट धरून खाली बसला. श्रीधरने घाईघाईने तोंडावर हात ठेवला, पण आता त्याचा काय उपयोग? मार्तंड आधी लाल झाला, मग त्यालाही हसू आवरेना.

शामलाने बापाच्या समोर येऊन ओठांनीच दटावलं, "बाबा! हे काय?"

"सही तू केली आहे," दादाजी म्हणाले. "मी कोठं केली?"

 शामलाने मार्तंडला विचारलं, "तुम्हाला सव्वीसशेत परवडतं का? खरं सांगा. नाहीतर मी चारशे वर देते."

"परवडतं ताई," मार्तंड डोळे पुसत म्हणाला. "या कंपनीचं नाव नाही म्हणून कुणी हात लावत नव्हतं. चार सेट पडून आहेत. काकांनी आज सगळ्यांसमोर वाचून दाखवलाय, उद्या चारही जातील."

आणि झालंही तसंच. सायकल रिक्षात खोकं चढवेपर्यंत दोन सेटांची विचारणा झाली होती.

घरी आल्यावर टीव्ही कुठे ठेवायचा यावरून अर्धा तास गेला. पूर्वेच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो होते. तिथे खाली जागा मोकळी होती, पण दादाजी ऐकेनात. "त्यायच्या खाली नाचगाणे नको. समोरच्या भिंतीले ठेव. मग तेही पाहतील." जिजाबाई हसली आणि तिने समोरच्या भिंतीजवळची धान्याची कोठी सरकवली. दुसऱ्या दिवशी श्रीधर स्वतः अँटेना घेऊन आला. गच्चीवर चढून त्याने ती सेमिनरी हिल्सच्या टीव्ही टॉवरकडे वळवली. यमुताई अंगणातून ओरडायच्या, "चित्र आलं का वं?" आणि आतून जिजाबाई, "आलं! नाही, गेलं! थोडं डावीकडे!"

त्या दिवाळीआधीचे आठ दिवस मार्तंडने दादाजींना दुकानात बोलावलं. खुर्ची टाकली, चहा दिला. दादाजींनी पहिल्याच दिवशी अट घातली, "जो सेट खराब दिसन त्याले मी खराबच म्हणीन." मार्तंडने कबूल केलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याला ते जड गेलं. एका नवरा-बायकोने एक महागडा सेट जवळजवळ घेतला होता आणि दादाजींनी भर दुकानात जाहीर केलं की याच्यातल्या माणसाचे ओठ फाटतात. मार्तंड तासभर त्यांच्याशी बोलला नाही. मग त्यानेच तो सेट उघडून बघितला आणि कंपनीकडे परत पाठवला. आठ दिवसांनी दादाजी घरी आले तेव्हा त्यांच्या हातात मिठाईचा डबा होता. कामावरून सुटून घरी येण्यातली मजा बऱ्याच वर्षांनी चाखली, असं ते जिजाबाईला म्हणाले.

सोमकुवरांच्या घरातला टीव्ही गल्लीत प्रसिद्ध झाला तो वेगळ्याच कारणाने. तो मुका चालायचा. दादाजींना आवाज लागत नव्हताच. नत्थूजी रोज संध्याकाळी पाचपावलीहून यायचे, त्यांनाही लागत नव्हता. आणि शामला दिवसभर शेकडो आवाज कानात घेऊन घरी यायची, तिला शांतता हवी असायची. ती भिंतीला टेकून स्वेटर विणत बसायची आणि समोर दोन म्हातारे बातम्या बघत. बातमी संपली की दोघं एकमेकांकडे तोंड करून ओठांवर कडाक्याचं भांडण करत, सरकारवर, मिलच्या मालकांवर, क्रिकेटवर, एक अक्षर न उच्चारता. नवखं माणूस आलं तर बिचकायचं.

"आवाज बिघडला का वं?" यमुताईंनी पहिल्यांदा विचारलं.

"नाही, बंद केला आहे," जिजाबाई म्हणाली. "पण तू बस. काय बोलून राहिले ते तुले आमचे बुवा सांगतील."

मग तसाच पायंडा पडला. बायका आणि पोरं येऊन बसायची आणि दादाजी सांगायचे. सिनेमातल्या प्रत्येक माणसाला ते वेगळा आवाज काढत. खलनायकासाठी घोगरा, नायिकेसाठी बारीक. मध्येच स्वतःची भर घालत. एकदा नायक आईसमोर रडत असताना दादाजींच्या तोंडून तो तिला मिलच्या बोनसबद्दल विचारू लागला. खरा आवाज लावून बघावा असं कुणालाही वाटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात यमुताईंना मिक्सर घ्यायचा होता. त्या सकाळीच दारात येऊन उभ्या राहिल्या. "दादाजी, बर्डीवर चला ना माझ्यासोबत."

"मिक्सरमध्ये कोण बोलते?" शामलाने हसून विचारलं.

"मिक्सरमध्ये नाही बोलत," यमुताई म्हणाल्या. "दुकानदार तर बोलते ना!"

दादाजींनी यमुताईंचे ओठ वाचले आणि ते लगेच उठले. टोपी घातली, चपला शोधल्या. शामलाला सुट्टी होती. तीही निघाली. चौकात यमुताईंनी सायकल रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने तिघांचे दोन रुपये सांगितले.

"दोन रुपये? काहून गा?" दादाजी म्हणाले. "मागच्या महिन्यात दीड होता. तू इंदोऱ्याचाच ना? तुह्या बापाले ओळखतो मी. तो माह्याच खात्यात होता."

रिक्षावाल्याने आपला बाप, त्याचा साचा, त्याचं दुखणं सगळं सांगितलं. दादाजी त्याच्या तोंडाकडे बघत, मधे प्रश्न विचारत, उत्तरं देत उभे राहिले. दहा मिनिटं झाली. ऊन चढत होतं.

"बाबा, बसा आता," शामला म्हणाली. पण ती त्यांच्या पाठीमागे उभी होती, त्यांना ते दिसलं नाही. पुढे जाऊन त्यांचं बोलणं तोडावं असं तिलाही वाटलं नाही. यमुताई रिक्षात चढून बसल्या, पदराने वारा घेऊ लागल्या. शामला झाडाच्या सावलीत जाऊन उभी राहिली आणि बापाचं बोलणं संपायची वाट बघू लागली.